उन्हात बसून शिकलेली चित्रकला

स्मरणिकेसाठी मी चित्रकलेच्या इतिहासाचा विषय निवडला, त्याचे कारण आपल्याच घरांत आहे. मुलगी एलिमेंटरी, इंटरमिजिएट उत्तम श्रेणीत पास होते. आपण कौतुक करतो, आणि पुढे ‘चित्रांनी का पोट भरते?’ असे म्हणून तिचे रंग माळ्यावर टाकतो. या प्रश्नाचे उत्तर मला नारायण श्रीधर बेंद्रे यांच्या चरित्रात सापडले.

बेंद्रे १९१० साली इंदूरच्या मराठी घरात जन्मले. तेथे द. दा. देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रकला विद्यालय काढले होते. हे आडनाव ऐकून आपल्याला शेजारची देवळालीच आठवावी! हे मास्तर विद्यार्थ्यांना चित्रे काढण्यास उघड्यावर नेत. फ्रान्समधील दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इंप्रेशनिस्ट, चित्रकारांचीही हीच रीत होती. ऊन सरकते, म्हणून हात चपळ हवा. सावली नुसती काळी नसते, तिच्यात निळाजांभळा रंग असतो. रंग घोटून एकजीव न करता शेजारी शेजारी ठेवले, तर दुरून डोळाच ते मिसळतो. संध्याकाळी द्राक्षमळ्यातील सावली नीट पाहा, म्हणजे पटेल.

अशी तयारी झाल्यावर बेंद्र्यांनी मुंबईची सरकारी पदविका मिळविली. काश्मीरमध्ये प्रवाशांसाठीच्या सरकारी कचेरीत चित्रकार म्हणून नोकरी केली. १९४१ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. १९५० पासून १९६६ पर्यंत बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी चित्रकला शिकविली. १९५५ साली ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. उतारवयात ते रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्रे रंगवीत. १९९२ साली पद्मभूषण झाले, आणि त्याच वर्षी ते निवर्तले. शिक्षण, नोकरी आणि अध्यापन यांच्या आधाराने त्यांची कला जन्मभर टिकली.

आता आपल्या मुलींविषयी. पॅरिसमध्ये १८७४ साली या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले, त्यात बर्थ मोरिसो ही स्त्री होती. तेथील सरकारी कलाशाळेत स्त्रियांना १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. म्हणून बर्थ आणि तिची बहीण एद्मा या दोघी कोरो नावाच्या निसर्गचित्रकाराकडे खाजगी रीतीने शिकल्या. १८६९ साली एद्माचे लग्न झाले आणि तिचे रंगकाम जवळजवळ थांबले. बर्थने त्या प्रदर्शनात ‘पाळणा’ नावाचे चित्र मांडले होते. त्यात तान्ह्या लेकीकडे पाहत बसलेली आई आहे, ती ही एद्मा. एकाच गुरूच्या दोन शिष्या. एक चित्र काढणारी झाली, दुसरी चित्रात बसली.

संसार वाईट, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. पण आपल्याकडे आज कलाशाळांची दारे मुलींना उघडी आहेत. तेव्हा एखादी मुलगी सकाळच्या उन्हात बाणगंगेच्या काठी रंगपेटी घेऊन बसावयास निघाली, तर तिला अडवू नये. आणि लग्न ठरविताना तिच्या रंगपेटीचाही विषय काढावा, एवढीच माझी विनंती.