कोल्हापूर ते लंडन : विमानाने अंतर किती, वेळ किती?

1902 मध्ये राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण सोहळ्यासाठी लंडनला गेले, ते बोटीने. तेव्हा या प्रवासाला दोन-तीन आठवडे लागायचे. आज कोल्हापूरचा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी लंडनमध्ये असतो. पण गुगलवर दिसणारा आकडा आणि घर सोडल्यापासून लागणारा वेळ यात बराच फरक आहे.

अंतर किती?

कोल्हापूर ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,500 किलोमीटर आहे. मात्र, उजळाईवाडी विमानतळावरून लंडनला थेट विमान नाही. त्यामुळे बहुतेक जण मुंबईहून जातात.

- कोल्हापूर-मुंबई : हवाई अंतर सुमारे 310 किमी, विमानाने साधारण 1 तास
- मुंबई-लंडन : सुमारे 7,200 किमी, थेट विमानाने साधारण 10 तास

एकूण वेळ किती धरायचा?

विमानतळावर आधी पोहोचणं आणि मुंबईतलं थांबणं धरून किमान 17-18 तास. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठणार असाल, तर रेल्वेचेच 10-11 तास होतात. म्हणजे एकूण 25 तासांच्या आसपास.

येताना कमी वेळ का लागतो?

साधारण 10 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. भारतात येताना हा वारा पाठीशी असतो, जाताना समोरून येतो. त्यामुळे येताना साधारण तासभर वाचतो. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल, तर वळसा पडून वेळ वाढतो.

तिकिटावरची वेळ कशी वाचायची?

तिकिटावर त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. भारत लंडनच्या हिवाळ्यात साडेपाच, तर उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतो. हिवाळ्यात दुपारी 2 वाजता मुंबईहून निघालेलं विमान संध्याकाळी साडेसहाला लंडनला उतरतं. साडेचार तास दिसतात, पण प्रवास 10 तासांचा होतो.

खरी अडचण मुंबईत

दोन्ही विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. लंडनचं तिकीट वाया जाऊ शकतं. म्हणून :

- शक्य असेल तर संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर बुक करा.
- वेगळी तिकिटं असतील तर मध्ये किमान 6 तास ठेवा. बॅगा मुंबईत घेऊन पुन्हा चेक-इन कराव्या लागतात.
- तिकिटावर मुंबई आहे की नवी मुंबई, आणि टर्मिनल कोणतं, हे आधीच तपासा.
- पावसाळ्यात किंवा कॉलेजची हजर होण्याची तारीख जवळ असेल, तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

एका रात्रीच्या मुक्कामाचा खर्च नव्या तिकिटापेक्षा नक्कीच कमी असतो.