घटभेद आणि दासमोक्ष

दासदासींच्या क्रयविक्रयाचे लेखी नमुने आढळतात. गुजरातेंतील ‘लेखपद्धति’ या ग्रंथांत दासीपत्रांचे मसुदेच दिले आहेत. धन्यानें दासास मुक्त करावयाचा विधि मात्र नारदस्मृतींत पाहावा लागतो, आणि तेथें पत्राचें नांवहि नाहीं. संतुष्ट झालेल्या स्वामीनें दासाच्या खांद्यावरील पाण्यानें भरलेला घट घेऊन तो फोडावा, अक्षता व फुलें घातलेलें जल त्याच्या मस्तकावर शिंपडावें, ‘अदास’ असें त्रिवार उच्चारावें आणि पूर्वाभिमुख करून त्यास सोडावें. तेव्हांपासून त्याचें अन्न भोज्य व त्याचें दान ग्राह्य होतें. कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत हाच विधि घेतला आहे. घटच कां फोडावयाचा? पाणी वाहणें हें दास्यकर्माचें चिन्ह, तें सर्वांसमक्ष मोडावयाचें, असें आम्हांस वाटतें.

विधि सुंदर आहे खरा. पण त्याच्या आधाराचा विचार केला म्हणजे मन कचरतें. नारदानें दासांचे १५ प्रकार सांगितले. ऋणदास सव्याज ऋण फेडून सुटतो, दुष्काळांत पोसलेला बैलजोडी देऊन सुटतो. परंतु घरीं जन्मलेला, विकत घेतलेला, दानादिकांनीं मिळालेला आणि वारशानें आलेला, या चौघांस स्वामीच्या प्रसादावांचून मोक्ष नाहीं. अपवाद एकच: प्राणसंकटांतून धन्यास वांचविणारा दास सुटतो व पुत्राचा वांटाहि पावतो. दासानें प्राण पणास लावावे, तेव्हां कोठें स्मृतीनें त्यास हक्क द्यावा!

कौटिल्याची दृष्टि निराळी आहे. योग्य निष्क्रय मिळूनहि दासास आर्यत्व न देणाऱ्या धन्यास त्यानें १२ पण दंड सांगितला. धन्यापासून दासीस मूल झाल्यास तें मूल मातेसह अदास समजावें, असेंहि तो म्हणतो. येथें मोक्ष प्रसाद राहिला नाहीं, राजाज्ञेनें बजावतां येणारा हक्क झाला. हा ग्रंथ १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झाला. तत्पूर्वींच्या विवेचकांपुढें बहुधा नारदाचाच घट होता.

यासाठीं पेशवाईच्या दप्तरांत कुणबीण सोडल्याचा उल्लेख आढळल्यास तो केवळ औदार्याच्या सदरीं घालूं नये. मोबदला कोणीं भरला, कीं तिच्या जागीं दुसरी बाई द्यावी लागली, हें आधीं टिपावें. १८४३ च्या ५ व्या कायद्यानेंहि धन्यांस ‘मुक्त करा’ असें सांगितलें नाहीं. दास्यावरील त्यांचा हक्क न्यायालयांनीं मानूं नये, एवढेंच ठरविलें.