लहान व्यवसायासाठी पेमेंट अ‍ॅग्रिगेटरची निवड

ग्राहकाने संकेतस्थळावर, अ‍ॅपवर किंवा मोबाइलवर आलेल्या लिंकवरून भरलेले पैसे गोळा करून, त्यातून शुल्क कापून, उरलेली रक्कम विक्रेत्याच्या बँक खात्यात जमा करणारी मध्यस्थ कंपनी म्हणजे पेमेंट अ‍ॅग्रिगेटर. बाजारात तिलाच सर्रास ‘पेमेंट गेटवे’ म्हणतात. भारतीय रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र या दोहोंत स्पष्ट भेद केला. गेटवे व्यवहाराची तांत्रिक वाट पुरवतो, पैशाला हात लावत नाही; अ‍ॅग्रिगेटरकडे पैसा काही काळ थांबतो. म्हणूनच बँकेतर अ‍ॅग्रिगेटरला २००७च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. अर्ज करताना किमान १५ कोटी रुपयांची नक्त मालमत्ता दाखवावी लागते आणि ग्राहकांचा पैसा अनुसूचित व्यापारी बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळा ठेवावा लागतो. पैसा थांबतो तो काळ कधी एका दिवसाचा असतो, कधी महिन्याचा. लहान व्यावसायिकाने अ‍ॅग्रिगेटर निवडताना सर्वांत आधी याच काळाची चौकशी केली पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेकांची चौकशी शुल्काच्या टक्केवारीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

टक्केवारीचे वजन किती, ते आकड्यांत पाहता येते. महिन्याला २ लाख रुपयांची विक्री पूर्णपणे कार्डावर झाली, तर २ टक्के आणि पावणेदोन टक्के या दरांतला फरक ५०० रुपयांचा. त्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तरी ५९० रुपयांचा. तेच २ लाख अ‍ॅग्रिगेटरने महिनाभर रोखले आणि तेवढी रक्कम वर्षाला १८ टक्के व्याजाने उभी करावी लागली, तर खर्च ३,००० रुपयांचा. वेळेवर पैसे न मिळाल्याने पुठ्ठ्याच्या खोक्यांचा पुरवठा थांबला, मजुरी तुंबली, की होणारे नुकसान या हिशेबात धरलेलेच नाही. शिवाय ‘२ टक्के’ हा आकडा पुरता बोलत नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे व्यापाऱ्याकडून कापले जाणारे शुल्क, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. आधीच्या आर्थिक वर्षात २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यासाठी इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून ०.४० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही. सरसकट एकच दर घेणारी योजना समजायला सोपी असते, पण ज्याचे निम्म्याहून अधिक ग्राहक यूपीआयने पैसे देतात त्याला ती महाग पडू शकते. म्हणून दर विचारायचा तो प्रकारवार, आणि एमडीआरखेरीज ‘प्लॅटफॉर्म फी’ म्हणून काय कापले जाते तेही. कराच्या बाबतीत डिसेंबर २०२४मधल्या जीएसटी परिषदेनंतर असा खुलासा झाला की २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवरची सूट रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालील अ‍ॅग्रिगेटरलाही लागू आहे. निव्वळ तांत्रिक सेवा देणाऱ्या गेटवेला ती नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशन योजनेतल्या विक्रेत्याला इनपुट क्रेडिट मिळत नसल्याने त्याने हा फरक विचारात घ्यायलाच हवा.

पैसे का रोखले जातात हे समजले नाही, तर सारा व्यवहार मनमानी वाटतो. कार्डधारक ‘माल मिळालाच नाही’ अशी तक्रार आपल्या बँकेकडे करतो, तेव्हा बँक ती रक्कम उलट्या वाटेने परत मागते. याला चार्जबॅक म्हणतात. आंतरराष्ट्रीय कार्ड जाळ्यांच्या नियमांत बऱ्याच प्रकारच्या तक्रारींना साधारण १२० दिवसांची मुदत असते. तोवर विक्रेत्याला पैसे पोचलेले असतात. तो दुकान बंद करून गेला, तर तोटा अ‍ॅग्रिगेटरच्या गळ्यात. म्हणजे दुसऱ्या दिवशी पैसे देणारा अ‍ॅग्रिगेटर एका अर्थी विक्रेत्याला उधारच देत असतो, आणि उधार देणारा जे तपासतो तेच तोही तपासतो: धंदा किती जुना, परतावे किती, विक्री अचानक का वाढली, माल पैशाआधी जातो की नंतर.

या कसोटीवर देवगडच्या आंबा बागायतदाराचा धंदा पाहावा. आगाऊ नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल एप्रिल-मेमध्ये. वर्षातले आठ-नऊ महिने खात्यात जवळपास काहीच हालचाल नाही आणि मग काही आठवड्यांत लाखोंची उलाढाल. पेटीत चार फळे डागी निघाली, की परताव्याची मागणी. बागायतदाराच्या दृष्टीने हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मोसम. जोखीम मोजणाऱ्या संगणकप्रणालीच्या दृष्टीने मात्र ही नेमकी फसव्या दुकानाची लक्षणे. शून्यावरून उसळलेली विक्री, आधी पैसे, नंतर माल, वर परतावे. खाते तपासणीखाली जाते आणि ऐन तोडणीत पैसे अडकतात. २०२० च्या सूचनांनी आखलेल्या चौकटीत, माल पोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल तर माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम देणे अपेक्षित होते. पण परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम ठेवण्याचे करारात असेल, तर ती मुदत संपल्यावर. कराराच्या एका कलमाने महिन्याभराचा फरक पडतो, तो असा. त्यामुळे दिवाळीचा फराळ, गणेशमूर्ती, आंबा असा मोसमी व्यवसाय करणाऱ्याने अर्जातच अपेक्षित उलाढाल, महिने आणि आगाऊ नोंदणीची पद्धत लेखी कळवावी आणि रक्कम रोखण्याची कारणे, कमाल मुदत व दाद मागण्याची पद्धत लेखी मागावी. जो अ‍ॅग्रिगेटर हे सांगायला तयार नाही त्याचा दर कितीही कमी असो, तो या व्यवसायाच्या कामाचा नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे: लहान विक्रेत्याच्या शब्दाला किंमत काय? करार छापील असतो, मान्य करा किंवा जा. कलम बदलून मिळणार नाही हे खरे. पण निवड करायला कलम बदलावे लागत नाही, वाचावे लागते. आणि दोन छापील करारांतला फरक दोन दरांतल्या फरकाहून मोठा असू शकतो. खाते सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात लहान रकमेची खरी विक्री करून, ती परत करून, पैसे येण्या-जाण्याचे दिवस मोजता येतात. मदत केंद्रावर माणूस भेटतो की ठरावीक उत्तरेच येतात, हेही तेव्हाच कळते.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. यूपीआयचा क्यूआर कोड असताना मध्यस्थ हवाच कशाला? पैसे थेट खात्यात, शुल्क नाही, थांबणे नाही. वीस-पंचवीस ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या धंद्याला हे उत्तर पुरेसे आहे आणि त्याने अ‍ॅग्रिगेटरच्या फंदात पडू नये. ऑर्डरी वाढल्या की अडचणी सुरू होतात. कोणते पैसे कोणत्या ऑर्डरचे हे हाताने जुळवावे लागते. गिऱ्हाइकाने पाठवलेला ‘पेमेंट यशस्वी’चा स्क्रीनशॉट खोटा असू शकतो, बँकेचा संदेश पाहिल्याखेरीज माल सोडणे धोक्याचे. एखाद्याने चोरीचा पैसा त्या क्यूआरवर भरला, तर सायबर गुन्ह्याच्या तपासात विक्रेत्याचेच खाते गोठवले जाऊ शकते. म्हणजे पैसे अडकण्याची जोखीम मध्यस्थ काढून टाकल्याने संपत नाही. आणि पुण्यातल्या आईवडिलांना पेटी पाठवू पाहणाऱ्या न्यू जर्सीतल्या मुलाच्या परदेशी कार्डाला क्यूआरचा उपयोग नाही. परदेशी कार्डे घेण्यासाठी बहुधा वेगळी मंजुरी लागते आणि दरही जास्त असतो. हे आधी विचारलेले बरे.

टक्केवारीवर थांबण्यासारखीच मोठ्या नावावर विसंबणे ही आणखी एक सवय. परवाना पाहणे आवश्यकच आहे, आणि परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. पण मोठेपणा ही अखंड सेवेची हमी ठरत नाही. डिसेंबर २०२२ पासून सुमारे वर्षभर काही आघाडीच्या कंपन्यांना नवे ऑनलाइन व्यापारी जोडणे नियामकाच्या सांगण्यावरून थांबवावे लागले होते. जुन्या व्यापाऱ्यांचे व्यवहार चालू राहिले. अडले ते ऐन वेळी नवे खाते उघडू पाहणारे. केवायसी, संकेतस्थळाची तपासणी, परतावा व वितरण धोरणाची पाने हे सारे पुरे व्हायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या अ‍ॅग्रिगेटरकडचे मंजूर खाते मोसमाच्या दोन-तीन महिने आधीच तयार ठेवावे आणि अधूनमधून त्यावरून थोडी विक्री करत राहावे, कारण वर्षभर निपचित पडलेले खाते अचानक वापरले, तर तेही तपासणीखाली जाण्याचीच शक्यता अधिक.