मोटारीचा विमा आणि पुरवणीचा हप्ता

मोटारीचा विमा उतरवितांना मूळ विमापत्राबरोबर पुरवण्यांची एक यादी मालकापुढें ठेवण्यांत येते. घसारा न कापण्याची पुरवणी, एंजिनांत पाणी शिरल्यास भरपाई देणारी पुरवणी, किल्ली हरवल्यास दुसरी करून देणारी पुरवणी. प्रत्येकीचा हप्ता निराळा. त्यांतील कोणती घ्यावी व कोणती सोडावी हा प्रश्न आजच्या गृहस्थास नवा वाटतो. वस्तुतः तो विम्याच्या कल्पनेइतकाच जुना आहे, आणि पूर्वीच्या लोकांनीं तो कसा सोडविला हें पाहिलें असतां आजचा निर्णयहि पुष्कळ सोपा होतो.

इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अथेन्सचे सावकार जहाजावरील मालाच्या तारणावर कर्ज देत. जहाज बुडालें तर कर्जहि बुडे. म्हणून व्याजांतच जोखमीचें मोल धरलेलें असे. डेमॉस्थेनीझच्या नांवावर असलेल्या एका भाषणांत अशा कराराचा मजकूर आला आहे. मद्याचे बुधले घेऊन काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या त्या सफरीचें व्याज हजारीं २२५ ठरलें होतें. परंतु स्वातीच्या ताऱ्याच्या उदयानंतर, म्हणजे वादळी ऋतु लागल्यावर, परतीचा प्रवास केल्यास तें हजारीं ३०० व्हावयाचें होतें. हजारामागें ७५ हें केवळ वादळांचें मोल. जो वेळेवर परतेल त्याच्यावर तो भार नव्हता.

आपल्याकडील याज्ञवल्क्यस्मृतींतहि हाच विवेक दिसतो. अरण्यांतून जाणाऱ्या ऋणकोनें दरमहा शेंकडा १० व समुद्रावर जाणाऱ्यानें शेंकडा २० व्याज द्यावें, असा तेथें नियम आहे. १६६६ सालीं लंडन शहर आगीनें बेचिराख झालें. त्यानंतर सुमारें पंधरा वर्षांनीं निकोलस बार्बन यानें घरांचा विमा सुरू केला, तेव्हां विटांच्या घरास वार्षिक भाड्याच्या शेंकडा अडीच, तर लांकडी घरास शेंकडा पांच असा दर त्यानें लावला. देश व काळ निराळे, परंतु ज्याच्या वाटेंत धोका अधिक त्यानेंच अधिक द्यावें, हें तत्त्व एकच.

मोटार आली तेव्हां या विचाराला आणखी एक जोड मिळाली. ब्रिटनमध्यें १९३० च्या कायद्यानें तिऱ्हाइताच्या इजेचा विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानांत १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला व त्यांतील सक्तीच्या विम्याचा भाग १ जुलै १९४६ पासून अंमलांत आला. १९८८ च्या कायद्यानेंहि ती सक्ती कायम ठेवली. ही सक्ती तिऱ्हाइताच्या नुकसानापुरती आहे. मालकाच्या स्वतःच्या गाडीची नाहीं. गाडीचा पत्रा चेपला तर तो खर्च मालक कसाबसा सोसतो. परंतु अपघातांत एखाद्या घरचा कमावता माणूस दगावला, तर न्यायाधिकरण जी भरपाई ठरवितें ती अनेक कुटुंबांना जन्मभर फेडतां येणार नाहीं. जें नुकसान घर बुडवितें त्याचा विमा आधीं, असा या सक्तीचा अर्थ आहे.

स्वतःच्या गाडीच्या विम्यांत मात्र मूळ करारानें कांहीं भार मालकावर ठेवला. २००२ च्या देशव्यापी दरपत्रकांत, भाग बदलतांना किती घसारा कापावा हें ठरवून दिलें होतें. रबर, नायलॉन व प्लास्टिक यांच्या भागांना शेंकडा ५०, फायबरग्लासला ३०, कांचेला कांहींच नाहीं. धातूच्या भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणें वाढे. दुसऱ्या वर्षीं १०, तर पांचव्या वर्षीं ३५. या हिशेबानें १२,००० रुपयांचा प्लास्टिकचा बंपर बदलल्यास ६,००० रुपये मालकाच्याच खिशांतून जातात. १ जानेवारी २००७ रोजीं गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले, आणि पुढील कांहीं वर्षांत ही तूट भरून काढणाऱ्या पुरवण्या बाजारांत आल्या.

दुसरी उणीव मुंबईकरांनीं पावसांत पाहिली. २६ जुलै २००५ च्या त्या पावसाची नोंद सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर अशी झाली. पुराचें नुकसान गाडीच्या सर्वंकष विम्यांत येतें. परंतु पाण्यांत बंद पडलेली गाडी मालकानें पुन्हां चालू करूं पाहिली, तर सिलिंडरमध्यें पाणी ओढलें जातें. पाणी हवेसारखें दबत नाहीं. मग दट्ट्याचा दांडा वांकतो आणि एंजिन निकामी होतें. हें नुकसान पुराचें नसून मागाहून ओढवलेलें आहे, असें मानून मूळ करार तें वगळतो. एंजिनाची पुरवणी या फटीसाठीं आहे.

तेव्हां पुरवणी घेतांना पहिला प्रश्न असा, कीं तो धोका आपल्या वाटेवर आहे काय? ज्याची गाडी पावसाळ्यांत सखल रस्त्यांवरून जाते किंवा तळघरांत उभी राहते, त्याचा स्वातीचा तारा दर वर्षीं उगवतो. त्यानें एंजिनाची पुरवणी घ्यावी. उंच, उताराच्या गांवीं राहणाऱ्यास तिचें अगत्य नाहीं. दुसरा प्रश्न असा, कीं तें नुकसान घरच्या शिलकींतून सोसतां येईल काय? किल्लीचा खर्च बहुतेकांना सोसतां येतो. त्यासाठीं वर्षानुवर्षें हप्ता भरणें व्यर्थ होय.

घसाऱ्याच्या पुरवणीचा हिशेब थोडा निराळा आहे. दावा न केल्यास पहिल्या वर्षानंतर हप्त्यांत शेंकडा २० व वाढत जाऊन शेंकडा ५० पर्यंत सूट मिळते, आणि एक दावा केला कीं ती जाते. त्यामुळें लहानसहान दुरुस्तीसाठीं शहाणा मालक दावा करीतच नाहीं, आणि तेथें ही पुरवणी उपयोगीं पडत नाहीं. तिचा उपयोग मोठ्या अपघातांत. म्हणून गाडी दाट रहदारींत चालत असेल, तिचे भाग महाग असतील आणि त्यांची निम्मी किंमत एकदम उभी करणें जड जाणार असेल, तर हा हप्ता सार्थकीं लागतो. विम्याचें नूतनीकरण करण्यापूर्वीं विमापत्रांतील वगळलेल्या नुकसानांचें पान वाचावें, आणि मगच पुरवण्यांच्या यादीकडे वळावें.