ऋण आणि अनुराग : जपानी व पाश्चात्त्य प्रणयभेटींच्या इतिहासाविषयी

जपानी व पाश्चात्त्य प्रणयभेटींची तुलना करताना एक सोयीस्कर विरोध बहुधा गृहीत धरला जातो. पाश्चात्त्य भेट ही व्यक्तीच्या उत्स्फूर्त अनुरागाची खूण, तर जपानी भेट ही सामाजिक कर्तव्याची फेड, असा तो विरोध होय. रूथ बेनेडिक्ट यांच्या 1946 मधील जपानविषयक ग्रंथाने ‘गिरी’ ही कल्पना, म्हणजे नात्यागोत्यांमुळे व ओळखीपाळखींमुळे अंगावर येणारे देणे, पाश्चात्त्य वाचकांस परिचित करून दिली. आणि पुढे जपानमधील प्रत्येक देवाणघेवाण त्याच एका शब्दाने उलगडण्याची रीत पडली. 14 फेब्रुवारी रोजी जपानी स्त्रिया कचेरीतील पुरुष सहकाऱ्यांना जे चॉकलेट देतात त्याचे नावच ‘गिरी-चोको’ आहे. तेव्हा हा विरोध सिद्धच झाला असे वरवर पाहता वाटते. तथापि दोन्हीकडील साधने कालक्रमाने तपासली असता तो टिकत नाही.

या दृष्टीने सतराव्या शतकातील लंडनचा पुरावा विशेष बोलका आहे. संत व्हॅलेंटाइनच्या दिवसाचा प्रणयाशी संबंध चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसरच्या काव्यात दिसतो. 1477 मध्ये मार्जरी ब्रूज हिने जॉन पॅस्टन यास आपला ‘व्हॅलेंटाइन’ म्हणून संबोधिले, ते पत्र उपलब्ध आहे. परंतु भेटींचा प्रत्यक्ष व्यवहार कळतो तो सॅम्युएल पीप्स याच्या रोजनिशीतून. त्या काळी व्हॅलेंटाइन प्रेमाने निवडला जाई असे नव्हे. पुष्कळदा चिठ्ठी काढून, किंवा सकाळी प्रथम दृष्टीस पडेल त्यावरून तो ठरे, आणि विवाहितांनाही या प्रथेतून सूट नसे. 1661 मध्ये पीप्सची व्हॅलेंटाइन होती त्याचा नौदल कचेरीतील सहकारी सर विल्यम बॅटन याची कन्या. तिच्यासाठी पीप्सने हातमोजे घेतले व 40 शिलिंग खर्च केले. त्यानंतर चारच दिवसांच्या नोंदीत बॅटनने पीप्सच्या पत्नीस सहा जोड हातमोजे, रेशमी पायमोजे व त्यांचे बंद पाठविल्याचा उल्लेख येतो. एकाच कचेरीतील दोन घराण्यांमधील ही देवाणघेवाण गिरीच्या व्याख्येत सहज बसते. 1667 मध्ये तर एका परिचिताची लहान मुलगी वाट्यास आली याबद्दल पीप्स समाधान व्यक्त करतो, कारण दुसऱ्या कोणाला अधिक द्यावे लागले असते ते वाचले! त्याच वर्षी तो राजदरबारातील एक वार्ता नोंदवितो, ती अशी की ड्यूक ऑफ यॉर्कने आपली व्हॅलेंटाइन झालेल्या मिस स्टुअर्ट हिला सुमारे 800 पौंडांचे रत्न दिले होते. येथे भेटीचे मोल देणाऱ्याच्या दर्जावरून ठरते, अनुरागाच्या तीव्रतेवरून नव्हे.

इंग्लंडमधील हे देणे पुढे गळून पडले. त्याचे सर्व श्रेय रोमँटिक भावनेस देण्यात येते. ते अर्धेच खरे आहे. 1840 मध्ये ब्रिटनमध्ये एक पेनीत कोठेही पत्र पाठविण्याची सोय झाली आणि छापील शुभेच्छापत्र निनावी धाडता येऊ लागले. अमेरिकेत वुस्टर येथे एस्थर हाउलंड हिने 1840 च्या दशकाच्या अखेरीस अशा पत्रांचा व्यवसाय उभारला. देणारा अज्ञात असला की परतफेडीचा प्रश्नच उरत नाही. मार्सेल मोस यांनी 1925 मध्ये प्रसिद्ध केलेल्या दानविषयक निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे ही तीन बंधने सांगितली आहेत; त्यांतील तिसरे येथे टपालखात्याने सैल केले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. रिचर्ड कॅडबरीच्या हृदयाकृती चॉकलेटपेट्या यानंतरच्या, 1860 च्या दशकातील.

आता जपानकडे वळावे. हेइआन काळातील दरबारी समाजात प्रणयाचा आरंभ पुरुषाने पाठविलेल्या काव्याने होई. कागदाचा रंग, हस्ताक्षर, ज्या डहाळीस ते पत्र बांधावयाचे तिची निवड, या साऱ्यांवरून प्रेषकाची पारख केली जाई. भेटीनंतरच्या सकाळी पत्र न येणे हा मोठा अवमान होय. पुढील काळात विवाह घराण्यांचा विषय बनला, तेव्हा ‘युइनो’ हा वाङ्निश्चयाचा विधी रूढ झाला. त्यात वराकडून वधूकडे सुकविलेला माकूळ, समुद्रशैवाल इत्यादी शुभ वस्तू व द्रव्य जाई, आणि पूर्वेकडील कांतो प्रदेशात त्याच्या साधारण निम्मे मोल परतआहेर म्हणून येई. या दोन्ही प्रथांत आरंभ पुरुषपक्षाकडून आहे. अर्थात स्त्रीने पुरुषास भेट देण्याची आजची रीत प्राचीन जपानी परंपरेची नव्हे.

मग ती आली कोठून? कोबे येथील मोरोझोफ या मिठाई कंपनीने 1936 मध्ये व्हॅलेंटाइनची जाहिरात दिली, परंतु ती इंग्रजी वृत्तपत्रात, परदेशी रहिवाशांसाठी होती. 1958 मध्ये मेरी चॉकलेट कंपनीने टोकियोतील शिंजुकू येथील इसेतान या मोठ्या विक्रीभांडारात चॉकलेटे मांडली. कंपनीच्याच सांगण्यानुसार तीन दिवसांत अवघ्या 170 येनची विक्री झाली. पुढील वर्षी हृदयाकृती चॉकलेट आणि ‘स्त्रीकडून पुरुषास’ हे सूत्र आले. ही अदलाबदल भाषांतराच्या चुकीने झाली, ही कथा लोकप्रिय आहे. पण विक्रीभांडारातील ग्राहकवर्ग प्रामुख्याने स्त्रियांचा होता, एवढे कारण तिच्याहून अधिक पटण्याजोगे आहे. शिवाय काळही अनुकूल होता. 1947 पासून अमलात आलेल्या संविधानाच्या 24 व्या कलमाने विवाह केवळ उभयतांच्या संमतीवर आधारला, आणि 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रेमविवाहांनी ठरवून होणाऱ्या विवाहांस मागे टाकले. अनुराग प्रथम बोलून दाखविण्याची संमत वाट नसलेल्या तरुणींना वर्षातील एक दिवस मिळाला. 1970 च्या दशकात ही प्रथा विद्यार्थिनींमध्ये झपाट्याने पसरली ती या कारणाने. केवळ जाहिरातीने तसे घडले असते तर 1958 सालीच घडते.

गिरी-चोको हा यानंतरचा, कचेऱ्यांमधील विस्तार होय. खऱ्या प्रियकरास द्यावयाचे ते ‘होन्मेई’, असा भेद त्यातूनच करावा लागला. आणि भेट उघड असल्याने परतफेडीचा प्रश्नही उभा राहिला. फुकुओका येथील इशिमुरा मान्सेइदो या मिठाईवाल्याने 1978 मध्ये 14 मार्च रोजी पुरुषांनी मार्शमॅलो परत द्यावेत असा दिवस सुरू केला. मिठाई-उत्पादकांच्या राष्ट्रीय संघाने 1980 पासून ‘व्हाइट डे’ या नावाने तो देशभर नेला. या तारखेस संत व्हॅलेंटाइनशी जोडणारी एक कथाही पुरविण्यात आली, ती ऐतिहासिक नाही. दक्षिण कोरिया व तैवान येथे हा दिवस जपानमधूनच गेला.

1 फेब्रुवारी 2018 रोजी मूळच्या बेल्जियन गोडिव्हा कंपनीने ‘निहोन केइझाई शिंबुन’ या दैनिकात पूर्ण पानाची जाहिरात देऊन गिरी-चोको बंद करण्याचे आवाहन केले, आणि कंपनीप्रमुखांनी आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांस तसे सांगावे असे सुचविले. होन्मेई चॉकलेटावर त्या जाहिरातीचा आक्षेप नव्हता.