कोऱ्या बाजूची किंमत

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावला आले आणि देशभरातलं टपाल त्यांच्यामागोमाग त्या खेड्यात येऊ लागलं. बुलढाण्याच्या शेगावशी पत्रांचा घोळ होई, म्हणून १९४० साली गावाचं नावच सेवाग्राम झालं.

या टपालातलं एकही पाकीट वाया जात नसे. ते कडेने उकलायचं, आतली कोरी बाजू वर घ्यायची आणि तिच्यावर मसुदे, निरोप लिहायचे. सोमवारी गांधीजींचं मौन असे. त्या दिवशीचं बोलणं अशाच चिटोऱ्यांवर चाले. २ जून १९४७ हाही सोमवारच होता. फाळणीची योजना सांगणाऱ्या माउंटबॅटन यांना दिल्लीत गांधीजींनी उत्तर दिलं ते जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून.

याला कंजूषपणा म्हणणं अन्यायाचं होईल. लिहिण्यात त्यांनी कधीच हात आखडता घेतला नाही. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीत १०० खंड भरले. जपायचा होता तो कागद, आणि त्यामागचे कष्ट. वर्ध्यात हे कष्ट डोळ्यांसमोर होते. डिसेंबर १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं ठाणं जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत होतं आणि जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. तेलघाणीबरोबर तिथे हातकागदाचंही काम चाले. लगदा कुटायचा, पाण्यात कालवायचा, चौकटीवर एकेक ताव उचलायचा, दाबायचा, वाळवायचा. इतकं पाहिल्यावर कोरी बाजू कोण फेकेल?

पुढे काटकसरीचा हाच प्रश्न संगणकाच्या सर्व्हरपुढे उभा राहिला. तिथली उधळपट्टी मात्र डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक फाइल शेवटची कधी वाचली, याची वेळ नोंदवण्याची प्रथा युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीपासून चालत आली आहे. म्हणजे नुसतं वाचलं तरी डिस्कवर लिखाण होणार! वर्दळीच्या सर्व्हरवर हा भार फार वाढतो. २००७ साली युनिक्सच्याच धर्तीवरच्या लिनक्स प्रणालीचे एक विकासक इंगो मोल्नार यांनी आपल्या सहकाऱ्यांपुढे त्याविरुद्ध कडाडून बाजू मांडली.

नोंद पुरती बंद करणारा ‘नोएटाइम’ हा पर्याय आधीपासून होता. पण मटसारखे मेल प्रोग्राम नवं टपाल वाचलं गेलं की नाही, हे त्या वेळेवरूनच ओळखत. म्हणून ‘रिलेटाइम’ आला: फाइल बदलल्यानंतर प्रथमच वाचली गेली, तरच नोंद करायची. जून २००९च्या २.६.३० आवृत्तीत त्याला आधीची नोंद २४ तासांहून जुनी असल्यास ती ताजी करण्याची जोड मिळाली आणि लिनक्सवर तीच नेहमीची रीत झाली.