ग्रंथतालिका आणि परकी आज्ञा : कोहा प्रणालीतील एका दोषाचा इतिहास

ग्रंथालयातील तालिकापत्रावर जे लिहिलेले असते ते केवळ वाचण्याकरिता असते. एखाद्या पत्रावर कोणी खोडसाळपणे 'हा खण रिकामा करावा' असे लिहून ठेवले, तरी खण आपोआप रिकामा होत नाही. संगणकाच्या पडद्यावर उमटणाऱ्या तालिकेविषयी मात्र असे निश्चिंतपणे म्हणता येत नाही. तेथे वाचावयाचा मजकूर आणि ब्राउझरने पाळावयाच्या आज्ञा एकाच लिपीत, एकाच प्रवाहात लिहिलेल्या असतात. त्यांमधील सीमा पुसली गेली, की मजकूर म्हणून आलेली अक्षरे आज्ञा म्हणून अमलात येतात. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग ह्या नावाने ओळखला जाणारा दोष तो हाच.

हे नाव जानेवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीतील सुरक्षा-अभियंत्यांनी रूढ केले. त्याच वर्षी २ फेब्रुवारीस कार्नेगी मेलन विद्यापीठातील सर्ट समन्वय केंद्राने ह्या दोषाविषयी जाहीर सूचना काढली. नाव फारसे समर्पक नाही. दोष घडण्यास दुसरे संकेतस्थळ असावेच लागते असे नाही. पण नावे एकदा रुळली की अर्थाला जुमानीत नाहीत.

योगायोग असा की, कोहा ही ग्रंथालय-व्यवस्थापन प्रणाली त्याच महिन्यात, ३ जानेवारी २००० रोजी, न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासात प्रत्यक्ष वापरात आली. न्यासाची जुनी प्रणाली सन २००० च्या तारखा पेलणारी नव्हती. म्हणून कॅटिपो कम्युनिकेशन्स ह्या संस्थेकडून नवी लिहवून घेण्यात आली. माओरी भाषेत 'कोहा' म्हणजे देणगी, आणि तीही परतफेडीचा भाव असलेली. नावाप्रमाणेच प्रणालीची संहिता सर्वांना खुली ठेवण्यात आली. आज भारतातीलही अनेक विद्यापीठीय ग्रंथालये ती वापरतात. संहिता खुली असल्यामुळे तिच्यातील दोष आणि दुरुस्त्या दोन्ही तपासता येतात; बंदिस्त प्रणालींच्या इतिहासकाराला हे भाग्य लाभत नाही.

ह्या दोषाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हरम ह्यांच्या नेतृत्वाखाली मार्क ही यंत्रवाच्य नोंदपद्धती आकारास आली. १९६६ मध्ये तिचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला. ह्या पद्धतीत नोंदीचे भाग वेगळे करणारी चिन्हे अशी निवडलेली आहेत की ती कोणत्याही ग्रंथाच्या शीर्षकात येऊच नयेत. ती न दिसणारी नियंत्रण-चिन्हे होत. वेबपृष्ठांच्या एचटीएमएल ह्या भाषेने ह्याच्या उलट केले. तिने आज्ञेच्या आरंभासाठी कोनी कंस घेतला, आणि कोनी कंस तर कोणीही टंकलिखित करू शकतो. ग्रंथाची नोंद पहिल्या व्यवस्थेतून दुसरीत उतरते त्या क्षणी तिचे संरक्षण गळून पडते.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा शब्दाचा प्रयोग आणि शब्दाचा उल्लेख ह्यांतील घोटाळा आहे. संस्कृतात 'इति', मराठीत 'असे' किंवा 'म्हणून' लावून दुसऱ्याचे बोलणे आपल्या बोलण्यापासून वेगळे ठेवले जाते. संगणकात हे काम एस्केपिंग ह्या क्रियेने होते: कोनी कंस छापण्याऐवजी त्या कंसाचे सांकेतिक नाव लिहावयाचे, म्हणजे ब्राउझर तो दाखवितो, पाळीत नाही.

कोहात हा 'इति' सर्वत्र लावलेला नव्हता. २०१५ मधील दोषांविषयीच्या सीव्हीई-२०१५-४६३१ ह्या नोंदीत वाचकांच्या शोधपृष्ठापासून अधिकृत नामसूची, मार्क-रचना आणि उशिरा आलेल्या ग्रंथ-मागण्या ह्यांच्या पृष्ठांपर्यंत अनेक ठिकाणे दिलेली आहेत. ह्यांपैकी बहुतेक पृष्ठे कर्मचाऱ्यांच्या वापराची होती, हे लक्षणीय आहे. आत येणारा प्रत्येक शब्द आपल्याच माणसाचा, ही लाकडी कपाटाच्या काळातील धारणा संहितेत तशीच राहिली असावी. प्रत्यक्षात ग्रंथपालाला पाठविलेल्या एका दुव्यात घातक शोधशब्द दडविता येतो. दुवा ग्रंथालयाच्याच पत्त्याचा असल्याने ब्राउझर ती आज्ञा ग्रंथालयाची समजतो आणि ग्रंथपालाच्या अधिकाराने पाळतो. कोणत्या वाचकाने कोणते ग्रंथ नेले, हे ज्या नोंदवहीत असते ती अशा रीतीने परक्याला उघडी होते. त्याच वर्षी चार शाखांच्या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या.

घातक अक्षरे नोंद करतानाच का गाळू नयेत, असा प्रश्न साहजिकच सुचतो. तालिकाकाराला हे मान्य होणे शक्य नाही. शीर्षक मुखपृष्ठावर असेल तसेच नोंदविणे हा त्याचा धर्म आहे. शिवाय तीच नोंद इतर ग्रंथालयांना द्यावयाची असते. साठवणीतच एस्केपिंग केले तर 'आणि' ह्या अर्थाच्या चिन्हाऐवजी त्याचे सांकेतिक नाव शीर्षकात कायमचे बसते. अशा विद्रूप नोंदी अनेक ऑनलाइन तालिकांत दिसतात. म्हणून उपाय छापतानाच, प्रत्येक जागी, योजावा लागतो.

आणि येथेच खरी अडचण होती. २०११ मध्ये ३.४ ह्या आवृत्तीत कोहाने टेम्प्लेट टूलकिट ही मांडणी-व्यवस्था स्वीकारली. तिच्यात चल जसाच्या तसा छापणे हा अचिन्हित प्रकार होता. सुरक्षित छपाईसाठी मुद्दाम गाळणी लिहावी लागे. जे मुद्दाम लिहावे लागते ते शेकडो जागांपैकी कोठेतरी राहून जाणारच. २०१८ मध्ये हा संकेत पालटण्यात आला. प्रत्येक चलापुढे गाळणी असावी, आणि जेथे कच्चा मजकूरच हवा तेथे 'रॉ' असे स्पष्ट लिहावे, असा नियम झाला. पूर्वी सुरक्षितता चिन्हित होती, आता धोका चिन्हित झाला. एखादी विशिष्ट चूक दुरुस्त करण्यापेक्षा हा बदल अधिक मोलाचा मानावा लागेल, कारण त्यामुळे धोक्याची ठिकाणे शोधून मोजता येऊ लागली.

'रॉ' हा शब्द तरीही पूर्णपणे काढून टाकता आलेला नाही. मुखपृष्ठावरील सूचना, बातम्या आणि ग्रंथालयाची सजावट ग्रंथपाल स्वतः एचटीएमएलमध्ये लिहितात, आणि तेथे आज्ञा ही आज्ञा म्हणूनच चालावी लागते.